पेटी घरी आली, आता पुढं? स्ट्रॉबेरी, जांभूळ, आवळा, कोकम आणि त्यांचे रस ठेवण्याची रीत

वाईत राहते म्हणजे मला स्ट्रॉबेरीतलं सगळं कळतं, असा आमच्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा समज आहे. डिसेंबर उजाडला की फोन ठरलेला. "अगं, काल महाबळेश्वरहून येताना दोन किलो घेतल्या, आज बघते तर खालच्या सगळ्या गळाल्यात. आता रस काढून ठेवू का?"

गळालेल्या फळाचा रस काढून ठेवायचा म्हणजे जे निम्मं गेलंय त्याचं उरलेलं निम्मंही घालवायचं. पण हे फोनवर समजावताना दमछाक होते, म्हणून एकदाचं लिहून काढलं. घरगुती सरबतं करून विकायला लागले त्याला बरीच वर्षं झाली, त्यात हात भाजून जे शिकले तेही यात आहे. पहिल्यांदाच पेटी घरी आणणाऱ्यांनी पहिल्या पायरीपासून वाचावं. ज्यांच्या फ्रिजमध्ये पेटी आधीच जाऊन बसली आहे त्यांनी तिसऱ्या पायरीपासून.

जातं काय आणि राहतं काय

फळ टिकणं आणि फळातलं पोषण टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशी आली नाही म्हणजे सगळं शाबूत आहे, असं नाही.

१०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ ग्रॅम पाणी असतं. उरलेल्यात साखर, आम्ल, चोथा, रंग आणि साधारण ५९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. संत्र्यापेक्षा किंचित जास्तच. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. म्हणजे मध्यम आकाराची आठ-दहा ताजी फळं खाल्ली की दिवसाचं काम जवळपास भागलं.

या सगळ्यांत नाजूक ते क जीवनसत्त्वच. ते हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं, उष्णतेने लवकर बिघडतं, उजेडाने बिघडतं, पाण्यात विरघळून वाहून जातं. फळाच्या पेशीत ते आणि त्याला मोडणारं एन्झाइम वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. फळ चेपलं, चिरलं, वाटलं की मधल्या भिंती पडतात आणि दोघांची गाठ पडते. चेपलेली स्ट्रॉबेरी चांगल्या स्ट्रॉबेरीच्या आधी का विटते, याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

लाल-जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन, जरा चिवट. आंबट रसात तो सुखात असतो, पण उबेत आणि उजेडात महिन्या-दोन महिन्यांत तपकिरीकडे झुकतो. चोथा आणि पोटॅशियमसारखी खनिजं मात्र साठवणीला भीक घालत नाहीत. चोथा जातो तो आपल्या गाळणीमुळे, पोटॅशियम जातं ते पाण्यात भिजत टाकल्यामुळे.

आणखी एक. रंगावर भरवसा ठेवू नका. पाऊण लाल तोडलेली स्ट्रॉबेरी वाटेत पूर्ण लाल होते, त्यामुळे ती पिकली असं वाटतं. पण आंब्यासारखी अढी लावून पिकणारं हे फळ नव्हे. रोपावरून सुटल्यावर रंग चढतो, साखर वाढत नाही. लालबुंद आणि फिक्या चवीची स्ट्रॉबेरी तुम्ही खाल्ली असेल, तिची गोष्ट ही अशी.

पायरी पहिली: विकत घेताना

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार या पट्ट्यातली स्ट्रॉबेरी नोव्हेंबर-डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमारोसा ही वाणांची नावं स्टॉलवर ऐकू येतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, वेळ विचारा. "आजची तोड आहे का, कितीची?" सकाळी लवकर तोडलेलं फळ मुळात थंड असतं. दुपारच्या उन्हात तोडलेल्या फळाच्या पोटात शेतातली उष्णता भरलेली असते आणि ती बाहेर काढेपर्यंत ते स्वतःचीच साखर जाळत बसतं. जिथं हा धंदा शास्त्राने चालतो तिथं तोडणीनंतर तासाभरात फळ थंड करायला घेतात ते याचसाठी.

पनेट, म्हणजे फळांचा छोटा प्लास्टिकचा डबा, उचलून तळ बघा. वरची ओळ सगळेच छान लावतात. तळाच्या कागदावर लाल डाग असेल तर खाली कुणीतरी चेपलंय. देठाची हिरवी टोपी टवटवीत हवी, सुकून करकरीत झालेली नको. टोपी सुकली म्हणजे फळातूनही पाणी गेलं, आणि स्ट्रॉबेरीत पाणी जाणं आणि क जीवनसत्त्व जाणं हातात हात घालून चालतं. फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं. मलमलीत, चकाकी गेलेलं फळ दिसायला फक्त शिळं असतं असं नव्हे, आतूनही रितं व्हायला लागलेलं असतं.

मोठी फळं भारी, हा समज सोडा. भाव मोठ्याला जास्त, पण रसाला आणि गोठवायला मध्यम, घट्ट फळ चांगलं.

पायरी दुसरी: घाट उतरताना

सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं, आणि याची चूक कुणी कबूल करत नाही.

माझीच सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोन पेट्या डिकीत टाकून पसरणी घाट उतरलो, वाईत ढोल्या गणपतीला थांबलो, मग नदीच्या घाटावर बसून भेळ खाल्ली. गाडी उन्हात. तासाभराने डिकी उघडली तर गाडीभर जॅमचा वास. वास छान होता, एवढंच. वर हवा कितीही गार असली तरी बंद डिकीतली गरमी वेगळीच असते, आणि दर दहा अंश तापमान वाढलं की फळाचा श्वास दुपटीच्याही वर जातो. श्वास म्हणजे इथं झीज.

म्हणून पेटी एसीच्या वाऱ्यात, मागच्या सीटखाली पायाशी ठेवा. जमलं तर थर्माकोलचा डबा आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच घेऊन निघा. बाटल्यांभोवती वर्तमानपत्र गुंडाळा, नाहीतर टेकलेली फळं गोठतात आणि ओली होतात. शून्याच्या जेमतेम एक अंश खाली स्ट्रॉबेरी गोठते. पेटीवर पेटी, पेटीवर गाजराची पिशवी, पिशवीवर चपला, असं रचू नका. आणि महाबळेश्वरची खरेदी सगळ्यात शेवटी करा. पॉइंट बघून झाल्यावर, परतीच्या वाटेवर.

पायरी तिसरी: घरात आल्यावरचा पहिला अर्धा तास

आधी चहा हवा असतो मला माहितीय. पण पेटी ओट्यावर ठेवून झोपून गेलात तर सकाळी फोन मलाच येणार.

मोठी परात घ्या, त्यात कोरडा पंचा पसरा आणि सगळी फळं हलक्या हाताने ओता. तीन वाटे करा. घट्ट आणि कोरडी फळं एका बाजूला, ही ठेवायची. चेपलेली पण चांगल्या वासाची दुसऱ्या बाजूला, ही आज रात्रीच खायची नाहीतर लगेच गोठवायची. बुरशी धरलेलं फळ तिसऱ्या बाजूला, आणि त्याला चिकटलेली शेजारची दोन फळंही त्याच्याबरोबर.

करडी लव आलेली बुरशी वाईट खोडीची. ती फ्रिजच्या थंडीतही हळूहळू पसरते. दुसरी एक, पांढरे धागे आणि काळे ठिपके असलेली, पाच अंशांच्या खाली वाढत नाही. म्हणून फ्रिज खरोखर थंड असेल तर निम्मी लढाई जिंकलेली असते, आणि तो आठ-दहा अंशांवर चालत असेल तर दोघींनाही आवतण. बुरशीचा भाग कापून बाकीचं फळ खाणारे आमच्याकडेही आहेत. मऊ, पाणीदार फळात ते करू नये. धागे दिसतात त्याच्या बरेच पुढे गेलेले असतात.

या टप्प्यावर धुवायचं नाही. देठही काढायचे नाहीत.

पायरी चौथी: फ्रिजमध्ये कुठं आणि कशात

स्ट्रॉबेरीला शून्य ते एक अंश आणि भरपूर ओलसर हवा आवडते. घरचा फ्रिज चार अंशांच्या आसपास असतो, तेवढ्यावर तीन ते पाच दिवस नीट जातात. मोजायचं असेल तर साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. आमचा सहा दाखवत होता, कंपनीने बटणावर काहीही लिहिलेलं असो.

दारातला कप्पा नको, तो दिवसभर गरम-गार होत असतो. मागच्या भिंतीला टेकवून नको, तिथं फळ गोठतं. खालच्या कप्प्यात, रुंद डब्यात, दोनच थर. तळाशी सुती कापड किंवा टिश्यू, वर झाकण पण घट्ट नको, एका कोपऱ्यात किंचित उघडं. उघडं ठेवलं तर फ्रिजचा वारा पाणी ओढून घेतो, घट्ट बंद केलं तर आत दव धरतं आणि बुरशीची सोय होते. टिश्यू ओला झाला की बदला. कांदा-लसणाच्या वाटणाचा डबा शेजारी ठेवू नका, स्ट्रॉबेरी वास पटकन धरते.

डबा सारखा बाहेर काढून आत ठेवणं टाळा. दमट हवेत गार फळाला घाम फुटतो. खाण्यापुरती फळं वाटीत काढा आणि डबा लगेच आत.

थंडीत आणि ओलाव्यात नीट राहिलेल्या फळात चार दिवसांनी क जीवनसत्त्व थोडंच घटलेलं असतं. टेबलावरच्या शोभेच्या टोपलीत ठेवलेल्या फळात ते दीड दिवसात घटायला लागतं. त्यामुळे "शिळी झाली का?" याचं उत्तर तारखेपेक्षा ती कुठं होती यावर आहे.

पायरी पाचवी: धुणं

खाण्याच्या आधी, देठासकट, वाहत्या पाण्याखाली, चाळणीत. बस्स. देठ आधी काढला तर खालच्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं आणि चव पाणचट होते. मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजत टाकण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, त्यात पाण्यात विरघळणारं ते सगळं बाहेर यायला निवांत वेळ मिळतो. फारच वाटलं तर तीन वाट्या पाण्यात एक वाटी व्हिनेगर घालून मिनिटभर बुडवा, मग साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडी करा.

पायरी सहावी: गोठवणं, म्हणजे खरी साठवण

पाच दिवसांत संपणार नसेल तर सहाव्या दिवसाची वाट बघू नका. पहिल्याच दिवशी, फळ उत्तम असताना गोठवा. लोक उलटं करतात, खराब व्हायला लागल्यावर फ्रीजरची आठवण येते. फ्रीजर हे जसं आहे तसं थांबवण्याचं यंत्र आहे, गेलेलं परत आणण्याचं नाही.

धुवा, पंख्याखाली खडखडीत कोरडं करा, देठ काढा. स्टीलच्या ताटात एकमेकांना न टेकवता मांडून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी गारगोटीसारखी झालेली फळं जाड पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. हवा काढायला एक युक्ती आहे: पिशवीचं तोंड जवळपास बंद करून पाण्याच्या पातेल्यात खाली सोडा. पाण्याच्या दाबाने हवा निघून जाते, मग तोंड बंद करा. पाणी आत जाऊ देऊ नका, एवढंच.

फ्रीजर उणे अठरा अंशांचा हवा. जुन्या एकदारी फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यात अनेकदा तेवढी थंडी येत नाही, तिथं महिना-दीड महिन्यात वापरून टाका. उणे अठरावर आठ-दहा महिने खुशाल. वीज गेली तर दार उघडू नका. वितळून पुन्हा गोठलेल्या फळातून रस गळतो आणि त्या रसाबरोबर बाकीचंही.

फोडींवर थोडी साखर भुरभुरून गोठवली तर साखरेच्या पाकाने हवा अडते आणि रंग, जीवनसत्त्व दोन्ही जास्त राहतं. एक किलोला पाव किलोच्या आतबाहेर पुरते. घरात मधुमेही असतील तर साखरेशिवाय, आणि पिशवी लवकर संपवायची.

वितळलेली स्ट्रॉबेरी लिबलिबीत होते, बर्फाच्या सुया पेशी फोडतात म्हणून. तिचं मिल्कशेक करा, शिऱ्यात घाला, ताटात मिरवू नका. वितळताना वाटीत सुटलेलं लाल पाणी ओतून देऊ नका, तेच तर हवंय. आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. म्हणून आधी धुणं सोडायचं नाही.

पायरी सातवी: रस

पोषणासाठी विचाराल तर फळ खा, रस कशाला? फळ आपल्या सालीत, आपल्या आम्लात, हवेपासून लपून बसलेलं असतं. मिक्सरचं पातं त्याला वाटतं तेव्हा त्यात हवेचे हजार बुडबुडेही मिसळतं. तो वर दिसणारा गुलाबी फेस म्हणजे ऑक्सिजनला घातलेली मेजवानी. वर गाळलं की चोथा गेला, बियांभोवतीचं कडवट-तुरट चांगलं तेही गेलं.

तरी रस हवाच असतो, पाहुणे असतात, लहान मुलं असतात. मग असं करा. फळ आणि मिक्सरचं भांडं दोन्ही गार करून घ्या. थोडक्यात फिरवा, मिनिटभर भर्रर्र नको. गाळलं नाही तर उत्तम. लगेच काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, वर हवेला जागा ठेवू नका. अर्धी बाटली म्हणजे अर्धी हवा. एका मोठ्या बाटलीऐवजी तीन छोट्या भरा, म्हणजे उघडलेली एका दिवसात संपते. न उकळलेला रस फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. त्याहून जास्त ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता आणि खडे पिशवीत भरा.

भांड्याचं बघा. आंबट रस तांब्या-पितळेच्या, कल्हई उडालेल्या भांड्यात क्षणभरही नको. तांबं क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण भराभर घडवतं, आणि आंबटामुळे तांबं रसात उतरतं ते वेगळंच. लोखंडी सुरी-खलही नको. काच, स्टील, चिनीमाती.

उकळण्याबद्दल एक जुनी गोष्ट. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने सॅलिसबरी नावाच्या जहाजावर स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणाऱ्या रोगाच्या, खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन पाहिले, संत्री-लिंबं खाणारे सगळ्यांत लवकर बरे झाले. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं: लांबच्या सफरीत लिंबं टिकणार कशी, म्हणून त्याने रस कित्येक तास तापवून आटवायची कृती सुचवली. दाट, सुटसुटीत, बाटलीत मावणारा अर्क. आणि तापवता तापवता ज्यासाठी तो घ्यायचा ते बरंचसं उडून गेलं. आपल्या घरी "उकळून ठेवलंय, महिनाभर टिकतं" म्हणतात तेव्हा मला लिंडसाहेब आठवतात.

विश्वास बसत नसेल तर घरी पाहता येतं. भाताची पातळ पेज अर्धी वाटी घ्या, पाण्याने सैल करा. त्यात जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका, पेज निळी-काळी होते. आता ड्रॉपरने आवळ्याचा ताजा, पाणी घालून पातळ केलेला रस एकेक थेंब सोडा आणि निळा रंग जाईपर्यंत मोजा. मग तोच रस दहा मिनिटं उकळून, गार करून, आटलेलं पाणी भरून काढून, तितक्याच आयोडीनच्या नव्या पेजेत मोजा. नंतर उघड्या पेल्यात दोन दिवस ठेवलेला. थेंब जास्त लागले म्हणजे क जीवनसत्त्व कमी. काट्यावरचं माप नव्हे हे, पण मुलांना एवढ्याने पटतं, नवऱ्यालाही. स्ट्रॉबेरीचा लाल रस यात गोंधळ घालतो, म्हणून आवळा किंवा लिंबू. आणि वापरलेली पेज ओतून द्या, वाटी घासून ठेवा.

पायरी आठवी: सरबत, सिरप

वर्षभराचं सिरप म्हणजे क जीवनसत्त्वाचा साठा नाही, हे मान्य करूनच ते करा. चव, रंग आणि थोडंफार बाकीचं. तापवायचंच तर रस ८० ते ८५ अंशांवर नेऊन मिनिटभर ठेवा, गदगदा उकळू नका. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बाटलीत लगेच भरा, बूच लावून आडवी करा, मग गार करा.

परिरक्षकात, म्हणजे सरबत टिकावं म्हणून घालायच्या पुडीत, नवखे एक चूक हमखास करतात. लिंबू-संत्र्याच्या सरबताला वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, स्ट्रॉबेरी किंवा जांभळाला घालतात. त्यातून सुटणारा गंधक वायू लाल-जांभळा रंग फिका पाडतो. गडद रंगाच्या रसांना सोडियम बेंझोएट घालायची पद्धत आहे, तेही पाकिटावरच्या मापाने, अंदाजपंचे नाही. बेंझोएट घातलेली आंबट सरबतं उन्हात किंवा गॅसजवळच्या फळीवर तापू देऊ नका. क जीवनसत्त्व आणि बेंझोएट एकत्र असताना उष्णता-उजेडात किंचित बेंझीन तयार होऊ शकतं.

आणि हो, रंग टिकावा म्हणून स्ट्रॉबेरीच्या रसात वरून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या कुटून घालू नका. मी घातल्या होत्या. ती बाटली शेजारच्या बाटलीच्या आधी तपकिरी झाली. हे जीवनसत्त्व हवेने मोडताना अँथोसायनिनलाही सोबत ओढतं. सफरचंदाच्या फोडींना जे तारतं ते इथं मारतं.

पायरी नववी: दुकानातलं खोकं

थोडक्यात. "फ्रूट ड्रिंक" लिहिलेल्या खोक्यात फळ निदान दहा टक्के असलं तरी कायद्याला पुरतं. घटकांची यादी वाचा, पहिलं नाव पाण्याचं असेल तर समजा. "१०० टक्के रस" हा दावा आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेल्या पेयांवरून काढायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये सांगितलं. थराथरांचं पुठ्ठ्याचं खोकं उजेड आणि हवा दोन्ही अडवतं, प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीतून दोन्ही थोडं थोडं शिरतं. दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या थप्पीतली बाटली घेऊ नका, तारीख कितीही पुढची असली तरी. उघडल्यावर फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत खलास. "कोल्ड प्रेस" म्हणजे न तापवलेला, म्हणून तो जास्त नाजूक, त्याला घरच्या रसासारखंच वागवा.

बाकीच्या मंडळींचं काय?

महाबळेश्वरला तुती आणि रासबेरीही मिळते. दोन्हींची साल म्हणजे नावालाच. संध्याकाळपर्यंत खा, नाहीतर थेट फ्रीजर. रसभरीला कागदी झगा असतो, तो काढू नका. झग्यात ती बरेच दिवस राहते.

जांभूळ जूनचं, पावसाच्या तोंडावरचं. पालघरच्या बहाडोलीची मिळाली तर सोडू नका. त्याची साल पातळ, पडलं की फुटतं, म्हणून जमिनीवरून वेचलेलं साठवायला नको. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. गर बियांवरून काढून गोठवला तर मस्त राहतो, आणि रंग सालीत जास्त असतो तेव्हा साल टाकू नका. पिकली करवंदं चिकानं हात चिकट करतात आणि दोन दिवसांत आंबूस होतात, कच्ची मात्र आठवडा काढतात. लोणचं घालायला तीच.

आवळा या सगळ्यांचा आजोबा. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व, साल जाड, आंबटपणा दणदणीत. फ्रिजमध्ये कापडी पिशवीत दोन आठवडे सहज. किसून ठेवायचा असेल तर किसाला लगेच मीठ-लिंबू लावून गोठवा. उन्हात वाळवलेल्या सुपारीत तुरटपणा आणि चोथा राहतो, क जीवनसत्त्वाचा बराच भाग ऊन घेऊन जातं. मोरावळ्यात पाक घालून शिजवल्याने आणखी. मोरावळा चवीसाठी खा, मी तर पोळीशी खाते.

कोकम आमच्या घाटावर तयार होत नाही, माझी नणंद सावंतवाडीहून आगळ पाठवते. मीठ घालून काढलेला तो गडद रस चिनीमातीच्या बरणीत किंवा काचेच्या बाटलीत ठेवावा, धातूच्या डब्यात कधीच नाही, मीठ आणि आम्ल मिळून डबा खातात. कोकमाचा लाल रंग उजेडाला फार घाबरतो. पहिल्या वर्षी मी बाटली ओट्यावरच्या खिडकीत ठेवली, शोभा म्हणून. होळीपर्यंत तिचा रंग भिजवलेल्या चिंचेसारखा झाला. सोलकढी आंबट झाली पण गुलाबी काही होईना, आणि नणंद नेमकी तेव्हाच आली. आता बाटली जुन्या सकाळी गुंडाळून, म्हणजे वर्तमानपत्रात हो, जिन्याखालच्या फडताळात असते, आणि आठवड्यापुरती छोटी बाटली फ्रिजमध्ये.